यंत्रमानवांच्या स्पर्धा आणि आकाराची चौकट

उज्जयिनीत राहणाऱ्यांना यंत्राच्या आकाराचा प्रश्न नवा नाही. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात दिल्ली, जयपूर, मथुरा, वाराणसी आणि उज्जैन येथे वेधशाळा उभारल्या. पितळेच्या लहान यंत्रांचे आस झिजतात आणि त्यांवर सूक्ष्म अंश कोरता येत नाहीत, म्हणून त्याने चुन्या-दगडाची मोठी यंत्रे पसंत केली. माधवराव शिंदे यांनी १९२३ साली जीर्णोद्धार केलेल्या आणि गोविंद सदाशिव आपटे ज्यांचे पहिले अधीक्षक होते, त्या आपल्या वेधशाळेतून शाळेची मुले ‘मोठे ते अचूक’ हाच धडा घेऊन परततात. विद्यार्थ्यांच्या यंत्रमानव-स्पर्धांचा इतिहास मात्र उलट दिशेने गेला. तेथे मोठेपणाला प्रारंभापासून चौकट पडली आणि त्या चौकटीनेच यंत्रांचे रूप ठरविले.

या स्पर्धांच्या पूर्वजांत १९७९ साली न्यूयॉर्क येथे झालेली ‘मायक्रोमाऊस’ ही यांत्रिक उंदरांची शर्यत महत्त्वाची आहे. उंदराने चक्रव्यूहातून स्वतः वाट शोधायची होती. पुढे रूढ झालेल्या नियमांनुसार उंदराची लांबी-रुंदी २५ सेंटीमीटरांपेक्षा अधिक नसावी. उंचीला बंधन नाही. पण व्यूहाचा प्रत्येक चौक १८ सेंटीमीटरांचा आणि भिंत १.२ सेंटीमीटर जाडीची, म्हणजे मोकळी वाट १६.८ सेंटीमीटर. मग २५ ची सवलत कशासाठी? भिंतींची उंची अवघी ५ सेंटीमीटर असल्याने उंदराचे पंख भिंतींवरून पसरू शकत, आणि आरंभीच्या अनेक उंदरांनी असे पंख पसरून भिंतींचे माथे वरून चाचपले. पुढे वळणावळणाच्या वाटेतून तिरपे धावण्याची युक्ती निघाली. तिरप्या वाटेची रुंदी हिशेबाने जेमतेम ११ सेंटीमीटर भरते. तेव्हा छापील नियम तोच राहिला, तरी जिंकू पाहणाऱ्याला त्याच्या निम्म्याहून लहान उंदीर करणे भाग पडले. कागदावरील मर्यादा आणि मैदानाची मर्यादा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. माझ्या मते या सबंध इतिहासात दुसरीचा अंमल अधिक चालला.

जपानमधून आलेल्या यंत्र-सुमो कुस्तीत हेच दुसऱ्या रीतीने दिसते. तेथे तळ २० सेंटीमीटर चौरस आणि वजन ३ किलोपर्यंत, उंची मोकळी. मोकळीक असूनही कोणी मनोरा बांधत नाही, कारण वजन ठरलेले असता उंच मल्ल सहज उलटतो. मल्ल बसके झाले आणि त्यांच्या पुढे जमिनीला घासणारे पाते आले.

अमेरिकेत १९९२ साली न्यू हॅम्पशायरमधील एका शाळेच्या व्यायामशाळेत २८ संघांनिशी ‘फर्स्ट’ ही शालेय स्पर्धा सुरू झाली. तिच्यात २०१२ पर्यंत अनेक वर्षे २८ × ३८ × ६० इंच अशी पेटी ठरलेली होती. यंत्र लांबट ठेवावे की रुंद, यावर संघ दरवर्षी खल करीत. २०१३ पासून लांबी-रुंदीऐवजी ११२ इंचांचा परिघ नेमून दिला गेला, आणि चौरस यंत्रांनाही वाव मिळाला.

२००४ साली सुरू झालेल्या जागतिक रोबो ऑलिंपियाडमध्ये यंत्र प्रारंभी २५ सेंटीमीटरांच्या घनात मावावे लागते. निघाल्यावर ते हात पसरू शकते. येथे घडी घालण्याची कला जन्मते. उज्जैनच्या मुलांच्या दृष्टीने हा नियम मला विशेष मोलाचा वाटतो: असे यंत्र मांडीवर घेऊन गाडीच्या साध्या डब्यातून नेता येते. मात्र मापपट्टी लांबी मोजते, पालकांचा खिसा मोजत नाही. लहान जागेत तेवढीच ताकद बसवायची, तर लहान आणि महाग मोटर लागते. आकाराच्या नियमाने सर्वांना समान संधी मिळते, असे जे सरसकट सांगितले जाते ते अर्धेच खरे आहे. सर्वांना एकच साहित्य देणारा नियम या बाबतीत अधिक न्यायाचा.

महाविद्यालयीन ‘रोबोकॉन’ स्पर्धा २००८ साली पुण्यात बालेवाडीला झाली, तेव्हा तिचा विषय होता ‘गोविंदा’. ज्या कृष्णाने सांदीपनींच्या आश्रमात, आपल्याच गावी, विद्या घेतली असे परंपरा सांगते, त्याचीच दहीहंडी यंत्रांनी खेळायची होती. दहीहंडीच्या थरांत सर्वांत वर सर्वांत लहान मूल का चढवितात, हे मराठी मुलांना कोणी शिकवावे लागत नाही. २०१४ मध्ये स्पर्धा पुन्हा पुण्यात आली, ती पालकत्वाच्या विषयावर: मोठ्या यंत्राने लहान यंत्राला उचलून सी-सॉ व झोपाळ्यापर्यंत न्यायचे होते. त्या वर्षी लहान यंत्रातून काढलेला प्रत्येक स्क्रू म्हणजे मोठ्या यंत्राच्या हातावरचा तेवढा भार कमी.