पेटालुमाची मांजरं आणि आमचा बोका

या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढायांचा इतिहास बोलतो. आज एका विषाणूचा इतिहास सांगणार आहे. त्यात माझीही एक चूक आहे, ती शेवटी येईल.

वर्ष १९८६. कॅलिफोर्नियात पेटालुमा नावाचं गाव आहे. तिथे एका ठिकाणी बरीच बेवारस मांजरं जाळीच्या कप्प्यांमध्ये सांभाळली जात होती. त्यातल्या एकाच कप्प्यातली मांजरं आजारी पडू लागली, काही मेली. मांजरांचा ल्युकेमिया विषाणू ग्लासगोच्या विल्यम जॅरेट यांनी १९६४ मध्येच शोधला होता, त्यामुळे पहिला संशय त्याच्यावर. पण तपासणीत तो एकाही मांजरात सापडला नाही. मग शत्रू कोण?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथले नील्स पेडरसन आणि जॅनेट यामामोटो यांनी तो शोधला. १९८७ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात त्यांनी आकडे दिले: आजाराची लक्षणं असलेल्या २५ मांजरांपैकी १० जणांच्या रक्तात नव्या विषाणूची खूण, निरोगी १८ पैकी फक्त एकात. विषाणू एचआयव्हीच्या कुळातला, पण त्याच्याहून वेगळा. मांजराकडून माणसाला लागण होते असा काहीही पुरावा नाही, हेही त्यांनी त्याच लेखात लिहिलं होतं. हे वाक्य लक्षात ठेवा.

१९८६ हे वर्ष आपल्यासाठीही महत्त्वाचं. त्याच वर्षी चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी निर्मला यांनी भारतातले पहिले एचआयव्हीचे रुग्ण शोधले. सुनीतीताई माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. पुढे त्यांनी काढलेल्या संस्थेला वडिलांचं नाव आहे. रोगापेक्षा रोग्याविषयीची भीती जास्त माणसं मारते, हे त्यांनी जवळून पाहिलं.

मांजरांच्या बाबतीतही तेच झालं. ‘मांजरांचा एड्स’ हे नाव पसरलं आणि अनेक निवाऱ्यांत चाचणी पॉझिटिव्ह आली की मांजर मारून टाकण्याची रीत पडली. पुढे जपून ठेवलेले जुने रक्तनमुने तपासले, तेव्हा १९६० च्या दशकातल्या मांजरांतही खूण सापडली. म्हणजे विषाणू नवा नव्हता, आपल्याला तो नवीन कळला होता.

तो पसरतो मुख्यतः खोल चाव्यातून, लाळेवाटे. म्हणून सर्वाधिक लागण कोणाला? नसबंदी न झालेल्या, हद्दीसाठी भांडत फिरणाऱ्या बोक्यांना. एका थाळीत जेवणाऱ्या, न भांडणाऱ्या मांजरांत तो सहसा जात नाही. लागण झालेली कित्येक मांजरं वर्षानुवर्षं ठणठणीत जगतात. आईकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळे निरोगी पिल्लूही काही महिने पॉझिटिव्ह दिसू शकतं. २००२ मध्ये अमेरिकेत लस आली, तर लस घेतलेली मांजरंही नेहमीच्या चाचणीत पॉझिटिव्ह दिसू लागली. पुढे ती लस तिथल्या बाजारातून गेली. आज पशुवैद्यक सांगतात की केवळ चाचणीवरून मांजर मारू नये. नसबंदी करा, भांडणं कमी होतील, लागणही कमी होईल.

आता माझी चूक. निवृत्तीनंतर सिकंदराबादला आमच्या सोसायटीचा मी सचिव होतो. आवारात एक फाटक्या कानाचा बोका होता. मुलं त्याला ‘सुभेदार’ म्हणत. नसबंदीच्या वेळी त्याची चाचणी पॉझिटिव्ह आली आणि व्हॉट्सॲपवर ‘एड्सचं मांजर, मुलं खेळतात’ अशी हाकाटी झाली. सभा भरली. कोणाला तरी विचारावं, चार ओळी वाचाव्यात, इतकं भानही मला राहिलं नाही. त्याला दूर सोडून देण्याच्या ठरावावर मी सही केली. नसबंदी झालेला, म्हणजे भांडणं सोडू लागलेला बोका आम्ही अनोळखी हद्दीत, दुसऱ्या बोक्यांच्या तोंडी नेऊन टाकला. तो परत दिसला नाही.

फौजेत छत्तीस वर्षं मी जवानांना सांगत आलो, खबर पक्की केल्याशिवाय ट्रिगरवर बोट नको. इथे खबर तर १९८७ पासून छापून तयार होती. मी ती वाचली नाही, एवढंच.

तुमच्या आवारात अशी सभा भरली, तर सहीआधी एका पशुवैद्याला फोन करा. भेटू पुढच्या भागात. जय हिंद.