रायपुरात मुलांसह अल्प खर्चातील भटकंती : जुने तलाव आणि नवा रायपूर

रायपूर : छत्तीसगडच्या राजधानीत मुलांना घेऊन दिवसभर बाहेर पडायचे ठरविल्यास खर्चाचा मोठा वाटा प्रवेशशुल्कावर नव्हे, तर अंतरावर जातो. जुन्या शहरातील तलाव, घाट व उद्याने जवळ असून बहुतांशी विनामूल्य आहेत. १ नोव्हेंबर २००० रोजी राज्य अस्तित्वात आल्यानंतर उभी राहिलेली मोठी आकर्षणे मात्र नवा रायपूर परिसरात, शहराच्या मध्यापासून वीस ते पस्तीस किलोमीटरवर आहेत. स्वतःचे वाहन नसलेल्या चौघांच्या कुटुंबाला रिक्षाचे जाण्या-येण्याचे भाडे सर्वांच्या तिकिटांच्या बेरजेहून सहज अधिक पडते. त्यामुळे मुलांना कोठे न्यायचे, हा प्रश्न अनेक घरांत आवडीपेक्षा वाहतुकीवर सुटतो.

रायपूर हे मुळात तलावांचे शहर आहे. त्यांपैकी बूढा तलाव सर्वांत परिचित. बूढादेव या गोंड दैवतावरून त्याचे नाव पडल्याचे मानले जाते. आता विवेकानंद सरोवर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या तलावात स्वामी विवेकानंदांचा ३७ फूट उंचीचा बैठा पुतळा आहे. या नामकरणाला स्थानिक आधार आहे. १८७७ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, नरेंद्र आपल्या कुटुंबासह येथे आला आणि सुमारे दोन वर्षे बूढापारा भागात राहिला. रायपूरपर्यंत त्या वेळी रेल्वे पोहोचली नव्हती. अखेरचा प्रवास बैलगाडीने झाला. शाळकरी मुलांना पुतळ्याच्या उंचीपेक्षा ही बैलगाडीची हकिकत अधिक भावते. तलावालगतची शाळा माधवराव सप्रे यांच्या नावाने आहे. मराठी मातृभाषा असलेल्या सप्रे यांनी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले आणि लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले. जवळच तात्यापारा ही जुन्या मराठी कुटुंबांची वस्ती आहे. १८५४ पर्यंत हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचा भाग होता; दूधाधारी मठातील भोसलेकालीन भित्तिचित्रे त्याची साक्ष देतात.

तेलीबांधा तलावाच्या काठच्या रस्त्याला रायपूरकर ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणतात. मुंबईच्या वाचकाला हे नाव ऐकून हसू येईल. तथापि सायंकाळी पाण्यावरून वारा सुटला की काठावर जमणारी गर्दी पाहता नावाची हौस समजण्याजोगी आहे. चालण्यास शुल्क नाही. खर्च होतो तो खाऊच्या गाड्यांवर आणि फुग्यांवर. लहान मुलांना मात्र काठाशी हात धरूनच न्यावे, हे येथील प्रत्येक तलावाला लागू आहे.

शहराच्या नैर्ऋत्येला खारून नदीवर महादेव घाट आहे. शहराला पिण्याचे पाणी पुरविणारी हीच नदी पुढे शिवनाथला मिळते. घाटावर हटकेश्वर महादेवाचे मंदिर असून पात्रावर झुलता पादचारी पूल आहे. मुलांना मंदिरापेक्षा पुलाचे आकर्षण अधिक असते. कार्तिक पौर्णिमेला येथे पुन्नी मेळा भरतो. मेळ्याची मौज वेगळी असली तरी तान्ह्या बाळांसह जाणाऱ्यांनी तो दिवस टाळलेला बरा.

एकाच फेरीत सावली, ज्ञान आणि जेवण हवे असल्यास महंत घासीदास स्मारक संग्रहालयाला पर्याय नाही. राजनांदगावचे संस्थानिक महंत घासीदास यांच्या देणगीतून १८७५ मध्ये स्थापन झालेले हे संग्रहालय देशातील जुन्या संग्रहालयांपैकी एक असून, सध्याच्या इमारतीचे उद्घाटन १९५३ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी केले. सिरपूर येथील शिल्पे व कांस्यमूर्ती यांच्याइतकाच मोलाचा आहे किरारी गावच्या तलावात सापडलेला कोरीव लेख असलेला लाकडी खांब. सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचे लाकूड चिखलाने जपले, ही बाब मुलांना समजावून सांगण्याजोगी आहे. आवारातच २०१६ पासून ‘गढ कलेवा’ हे महिलांच्या बचत गटाने चालविलेले उपाहारगृह आहे. झाडांखाली बसून येथे छत्तीसगडी पदार्थ माफक दरात खाता येतात. चीला हा आपल्या घावनाचा जवळचा नातलग, फरा म्हणजे तांदळाच्या पिठाची उकडलेली वळी, ठेठरी पाहून कडबोळ्याची आठवण व्हावी, आणि अइरसा तर अनारशाचाच भाऊबंद.

नवा रायपूरमधील ‘पुरखौती मुक्तांगण’चे उद्घाटन ७ नोव्हेंबर २००६ रोजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते झाले. पुरखौती म्हणजे पूर्वजांचा वारसा. सुमारे दोनशे एकरांच्या या मोकळ्या परिसरात राज्यातील लोकनृत्यांचे पूर्णाकृती पुतळे, भित्तिशिल्पे आणि बस्तरची कला पाहावयास मिळते. शुल्क नाममात्र आहे. ‘आमचो बस्तर’ या विभागात घोटुल आणि बस्तर दसऱ्याच्या रथाच्या प्रतिकृती आहेत. ‘आमचो’ हा शब्द हलबी भाषेतील. मराठीशी असलेले तिचे साम्य मुले क्षणात ओळखतात. धावण्यास भरपूर जागा असल्याने लहानग्यांसाठी हे ठिकाण जंगल सफारीपेक्षा सरस ठरते, असे म्हणण्यास हरकत नाही. आदिवासी स्वातंत्र्यसैनिकांवरील शहीद वीर नारायण सिंह संग्रहालय १ नोव्हेंबर २०२५ पासून नवा रायपूरमध्येच सुरू झाले आहे. ते काहीशा मोठ्या मुलांसाठी.

जंगल सफारी नोव्हेंबर २०१६ मध्ये सुरू झाली. ३२० हेक्टर क्षेत्रात वाघ, सिंह, अस्वल आणि तृणभक्षी प्राण्यांचे स्वतंत्र विभाग असून बंदिस्त बसमधून फिरविले जाते. रेल्वेस्थानकापासूनचे अंतर सुमारे ३५ किलोमीटर. प्राणिसंग्रहालय व सफारी यांचे शुल्क वेगवेगळे असल्याने चौघांचा खर्च या यादीत येथेच सर्वाधिक होतो. वर्षातून एकदा जाण्याचे हे ठिकाण. त्यासाठी सकाळची वेळ साधावी, कारण दुपारी प्राणी सावलीला जातात.

अंतराच्या अडचणीवर अलीकडे एक उत्तर मिळाले आहे. ३० मार्च २०२५ रोजी रायपूर-अभनपूर मेमू गाडी नवा रायपूरमार्गे सुरू झाली आणि तिचे भाडे अवघे दहा रुपये ठेवण्यात आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती राजिमपर्यंत वाढविण्यात आली. नवा रायपूरच्या स्थानकांवरून प्रेक्षणीय स्थळे पायी गाठण्याजोगी नाहीत, पुढील रिक्षा करावीच लागते. तरीही भाड्याचा मोठा भाग वाचतो. रेल्वेतून जाणे हीच ज्या मुलांना सहल वाटते त्यांच्यासाठी तर राजिमच गाठावे. महानदी, पैरी व सोंढूर या नद्यांच्या संगमावर कुलेश्वर मंदिर थेट पात्रात उभे आहे. हिवाळ्यात पाणी ओसरले की वाळूतून चालत मंदिरापर्यंत जाता येते. पावसाळ्यात तो विचारही करू नये.

सुमारे ऐंशी किलोमीटरवरील सिरपूरचे विटांचे लक्ष्मण मंदिर सातव्या शतकातील आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या सशुल्क स्मारकांत १५ वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य असतो. मात्र वाहनभाडे पाहता दोन कुटुंबांनी मिळून जाणे परवडते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो; नवतप्यात सूर्यास्तापूर्वी मुलांना उघड्यावर नेऊ नये. संग्रहालय व जंगल सफारी यांना सोमवारी साप्ताहिक सुट्टी असते. तलाव आणि घाट मात्र आठवड्याचे सातही दिवस खुले असतात.