आमची मिलिटरीची जीप

आमच्या दारात एक जीप उभी आहे. 'उभी आहे' हे क्रियापद मी व्हाउचर पास करावं तितक्या सावधपणे लिहिलंय. 'चालते' म्हटलं, तर मलकापुरातल्या ज्या मंडळींनी तिला धक्के दिलेत ती हरकत घेतील.

विकणारा म्हणाला होता, "साहेब, महायुद्धातली आहे, अस्सल मिलिटरीची!" बी.कॉम. झालेल्या माणसानं अशा वेळी कागद बघावेत. मी बोनेट बघत बसलो. त्याला कारण आमचे वडील. ते कोयनेच्या बाजूला सरकारी जीपवर ड्रायव्हर होते. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर त्यांनी चिखलामातीतून कितीतरी फेऱ्या मारल्या आणि "मिलिटरीची जीप होती म्हणून निभावलं" हे वाक्य आम्ही लहानपणी भाकरीबरोबर खाल्लं.

मग मी जीपचा इतिहास वाचू लागलो आणि हळहळलो. १९४० साली अमेरिकन सैन्याला हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी होती. नमुना द्यायला मुदत फक्त ४९ दिवसांची. बँटम नावाच्या, दिवाळ्याच्या उंबरठ्यावरच्या छोट्या कंपनीनं कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या इंजिनिअरला गाठलं. त्यानं दोनेक दिवसांत आराखडा काढला आणि २३ सप्टेंबरला गाडी मुदतीत हजर केली. सैन्य खूष झालं आणि नकाशे विलीज आणि फोर्ड या बड्यांच्या हाती दिले! युद्धात सहा लाखांवर जीपा निघाल्या, त्या जवळजवळ सगळ्या या दोघांच्या. बँटमच्या वाट्याला ट्रेलर आले. नोट कारकुनानं लिहायची आणि शाबासकी साहेबांनी घ्यायची, ही पद्धत फक्त बँकेतच आहे असा माझा समज होता.

आपल्याकडं १९४५ साली 'महिंद्रा अँड मोहम्मद' कंपनी निघाली, ती पोलादाच्या व्यापारासाठी. फाळणी झाली, भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली पाटीवर महिंद्राच दोनदा आले. विलीजच्या जीपा मुंबईत जोडल्या जाऊ लागल्या.

हे सगळं मी मेस्त्रीला ऐकवलं. तो पाना पुसत म्हणाला, "साहेब, ही कसली महायुद्धातली? त्या जीपचं बोनेट बुटकं असतंय. हिचं बघा, भाकरी फुगल्यागत!"

खरंच होतं. १९५३ च्या सीजे-थ्रीबी मॉडेलात नवं इंजिन आलं. हवा आत घेणारे व्हॉल्व्ह बाजूला होते ते वर डोक्यात गेले, इंजिन उंच झालं, मग बोनेटही उंच करावं लागलं. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ ला थांबलं. आपल्याकडं त्या तोंडाच्या जीपा पुढं कित्येक वर्षं निघत राहिल्या.

घरी येऊन वडिलांचा भूकंपाच्या वर्षीचा फोटो काढला. जीपला टेकून उभे आहेत. बोनेट उंच. म्हणजे तीही महायुद्धातली नव्हे! वडिलांचं काहीतरी चोरून वाचल्यासारखं वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रीनं पुढची बातमी दिली. फोर-व्हीलचा दांडा जागेवर आहे, पण पुढच्या चाकांना फिरवणारा शाफ्टच कुणीतरी काढून ठेवलाय. दांडा नुसता शोभेचा. शाफ्ट बसवायचा आकडा मी कागदावर लिहिला आणि नकाराची तयारी ठेवून सौभाग्यवतींसमोर सरकवला. शेजारी फोटो होताच.

तिनं आधी आकडा बघितला, मग फोटो.

"मामंजींच्या जीपची पुढची चाकं ओढायची का हो?"

"ओढायची. त्याच्यावर तर सगळं—"

"मग घ्या बसवून. आणि ते स्टार्टरचंही बघा एकदा. सकाळी सकाळी शेजाऱ्यांना धक्क्याला बोलवायचं म्हणजे मलाच चहा टाकावा लागतो."