वलवण : बारा आकडे आणि चार प्रश्नचिन्हे

संगणकावरील 'सेव्ह' या क्रियापदासाठी मराठीत 'जतन करणे' हा प्रयोग रूढ झाला, याचा आम्हाला नेहमीच आनंद वाटत आला आहे. 'जतन' हा शब्द 'यत्न' या संस्कृत शब्दापासून आलेला आहे, म्हणजे त्यात सांभाळण्याआधी श्रम अभिप्रेत आहेत. इंग्रजी शब्दात ती सूचना नाही. तिथे कळ दाबली की काम झाले. एम. ए. च्या वर्गात पाठचिकित्सा शिकवताना आपण एकनाथांपर्यंत जातो. शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, त्याअर्थी नकलाकारांच्या हातून पाठ बिघडत आलेला होता, हे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. परंतु गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मराठी मजकूर ज्या पद्धतीने उतरवला, साठवला आणि गमावला गेला, तो इतिहास आपल्या अभ्यासक्रमाच्या उंबरठ्याबाहेरच राहिला आहे. तो तांत्रिक विषय आहे, असे म्हणून आपण तो संगणक विभागाकडे ढकलून मोकळे होतो. आमच्या मते तो पाठचिकित्सेचाच विषय आहे.

उदाहरणासाठी एक गाव घेऊ : वलवण. मावळ तालुक्यात, लोणावळ्याला अगदी लागून. टाटांच्या जलविद्युत योजनेतले धरण याच नावाचे. १९१५ साली खोपोलीचे वीजगृह सुरू झाले ते घाटमाथ्यावरच्या अशा तलावांच्या पाण्यावर. समजा, एखाद्या विद्यार्थिनीने या गावाविषयी चार ओळींचे वेबपान करायचे ठरवले आणि त्यासाठी विंडोजमधले साधे नोटपॅड उघडले. नोटपॅड १९८५ पासून, विंडोजच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. त्याला अनेक वर्षे ठळक-तिरपे काही कळत नसे, म्हणूनच ते वेबपानासाठी योग्य मानले जाई. जे लिहाल तेवढेच ते ठेवते. निदान तशी अपेक्षा असते.

तिने 'वलवण' ही चार अक्षरे लिहिली. युनिकोडमध्ये त्यांचे क्रमांक आहेत २३५७, २३५४, २३५७ आणि २३३९. फाइलमध्ये मात्र एका घरात २५५ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. म्हणून हे क्रमांक तोडून ठेवण्याची काही रीत लागते. आज जगभर जी रीत चालते ती यूटीएफ-८. ती केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, टेबलावरच्या ताटाखालच्या कागदावर मांडली. तिच्यानुसार प्रत्येक देवनागरी अक्षर तीन घरे घेते. म्हणजे 'वलवण' होते बारा आकड्यांचे : २२४, १६४, १८१. २२४, १६४, १७८. पुन्हा २२४, १६४, १८१. आणि शेवटी २२४, १६४, १६३.

आता दोन प्रकारचे अपघात संभवतात आणि त्यांतला फरक फार महत्त्वाचा आहे. पहिला असा : हे बारा आकडे जसेच्या तसे आहेत, पण वाचणाऱ्या न्याहाळकाला ही रीत कोणी सांगितलेली नाही. तो ते पश्चिम युरोपीय लिपीच्या रूढीने वाचतो. मग डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए', त्यापुढे चलनाचे एक अपरिचित चिन्ह, असा मंत्र चार वेळा पडद्यावर उमटतो. 'ण'च्या जागी तर शेवटी ब्रिटिश पौंडाचे चिन्ह येते. दिसायला हा प्रकार भयंकर असला तरी त्यात काहीही हरवलेले नाही. वाचन चुकले आहे, पाठ शाबूत आहे. न्याहाळकाला योग्य रीत सांगताच 'वलवण' परत येते.

दुसरा अपघात निमूटपणे होतो. जुन्या नोटपॅडमध्ये 'सेव्ह ॲज'च्या चौकटीत खाली 'एन्कोडिंग' अशी एक लहानशी यादी असे आणि ती आपोआप 'एएनएसआय' वर उभी असे. त्या संग्रहात देवनागरी नाही. तशीच फाइल ठेवू गेल्यास 'काही अक्षरे नष्ट होतील' अशा आशयाचा इशारा इंग्रजीत येई, आणि इंग्रजी इशाऱ्याला आपल्याकडे 'ओके' म्हणण्याची रीत आहे. मग प्रत्येक अक्षराच्या जागी ६३ हा आकडा बसे. ६३ म्हणजे प्रश्नचिन्ह. चार अक्षरांची चार प्रश्नचिन्हे. 'व'चे प्रश्नचिन्ह आणि 'ण'चे प्रश्नचिन्ह यांत काडीचाही भेद नाही. येथून मागे जाणारी वाट नाही. मोडी कागद वाचता न येणे आणि कागद वाळवीने खाणे यांत जो फरक, तोच येथे आहे.

हे असे का झाले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. भारतीय लिपींसाठी 'इस्की' हे मानक १९८८ मध्ये आले आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ते सुधारून स्वीकारले. पुण्याच्या सी-डॅकमधल्या 'जिस्ट' गटाचे काम याच परंपरेतले, आणि युनिकोडमधली देवनागरीची मांडणीही १९८८ च्या 'इस्की'वरच बेतलेली. म्हणजे पाया आपलाच होता. पण घरोघरी आणि छापखान्यांत जे विंडोज ९५ व ९८ पोचले, त्यांना ही मांडणी पडद्यावर उमटवता येत नव्हती. तेव्हा व्यवसायाने आपला मार्ग काढला : रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले फॉन्ट. काना एका घरात, अर्धा 'स' दुसऱ्या घरात, वेलांटी तिसऱ्या. प्रत्येक उत्पादकाची घरे निराळी! फॉन्ट असेल तर सुंदर मराठी, नसेल तर रोमन अक्षरांचा चिखल. वेबपानांवर 'प्रथम आमचा फॉन्ट उतरवून घ्या' अशी पाटी असे, ती अनेकांना आठवत असेल.

या काळातला मजकूर आपण गमावला, असे म्हणणे बरोबर नाही. आकडे आहेत. पण तो कोणत्या फॉन्टमध्ये लिहिला होता, ही माहिती फाइलपासून तुटली की तो मोडीच्या रुमालांसारखा होतो. पेशवे दफ्तरासाठी निदान मोडीवाचक तयार केले जातात. १९९५ ते २००५ च्या दरम्यान टंकलेखकाकडून करून घेतलेले प्रबंध, अनियतकालिकांचे अंक, स्मरणिका यांचे वाचक कोण तयार करणार? साध्या मजकुराच्या फाइलमध्ये फॉन्टचे नाव नोंदवण्याची सोयच नसते. म्हणून जुनी तबकडी हाती आली की वेष्टणावरचा कागद फेकू नये. फॉन्टचे नाव बहुधा तिथेच असते.

विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोडचा प्रश्न तत्त्वतः सुटला. (एक्सपीमध्ये मात्र त्यासाठी मूळ तबकडी घालून एका चौकोनात खूण करावी लागे; ती तबकडी कुणाकडे असे, हा प्रश्न सभ्यतेचा आहे.) मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला तो याच पायावर. नोटपॅडने मात्र यूटीएफ-८ ही आपली स्वाभाविक रीत मानायला २०१९ साल उजाडावे लागले. त्याआधी यूटीएफ-८ निवडले तरी ते फाइलच्या माथ्यावर २३९, १८७, १९१ अशी तीन घरांची अदृश्य खूण स्वतःहून ठेवी, आणि काही ठिकाणी ती पानाच्या शिरोभागी विचित्र चिन्हांच्या रूपाने दिसे. खूण नसली तर नोटपॅड अंदाज बांधे. 'बुश हिड द फॅक्ट्स' हे साधे इंग्रजी वाक्य जतन करून पुन्हा उघडले की ते चिनी वाटावे अशा अक्षरांत दिसे. लोकांनी त्यात राजकारण शोधले. होता तो केवळ चुकलेला अंदाज, आणि तो व्हिस्टामध्ये दुरुस्त झाला.

म्हणून आमच्या विद्यार्थिनीने करायचे ते इतकेच : प्रकार 'सर्व फाइली' ठेवून नावाच्या शेवटी 'एचटीएमएल' हे उपपद स्वतः लिहायचे, नाहीतर नोटपॅड त्यापुढे आपले 'टीएक्सटी' चिकटवते, एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे ना, हे डोळ्यांनी पाहायचे, आणि पानाच्या आरंभीच, पहिल्या १०२४ घरांच्या आत, ही रीत कोणती ते न्याहाळकासाठी लिहून ठेवायचे. जुन्या हस्तलिखितांच्या शेवटी लेखक शक आणि स्थळ लिहीत असत. येथे ती पुष्पिका आरंभी येते.

यानेही सगळे सुटत नाही. मावळातल्या दर्‍यांविषयी लिहिताना अर्धा 'र' दोन प्रकारे साठवता येतो : 'ऱ' या स्वतंत्र वर्णाने किंवा साध्या 'र'पुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवून. डोळ्यांना दोन्ही एकच. शोधयंत्राला दोन निराळे शब्द. आणि 'अनावश्यक' म्हणून एखाद्या प्रणालीने ते अदृश्य चिन्ह झाडून टाकले, तर दर्‍यांचा 'दर्या' होतो, आणि घाटमाथ्यावर समुद्र येतो. वर वापरलेला 'ॲ' हा वर्णसुद्धा युनिकोडमध्ये २००८ मध्ये आला. तोवरच्या फाइलींत तो जुळवून केलेला आहे.

राहता राहिले गावाचे नाव. ते 'वलवण' असेही लिहिले जाते आणि 'वळवण' असेही. रोमन लिपीत 'ल' आणि 'ळ' यांना एकच अक्षर मिळते, आणि तो गोंधळ लोणावळ्यालाही सोसावा लागतो. युनिकोडमध्ये 'ल' २३५४ आणि 'ळ' २३५५, शेजारी शेजारी. बारा आकड्यांत फरक पडतो तो फक्त सहाव्या : १७८ ऐवजी १७९. एका नावाने शोध घेणाऱ्याला दुसऱ्या नावाची पाने सापडतीलच असे नाही. आमच्या विद्यार्थिनीने आपल्या पानावर दोन्ही रूपे लिहावीत, एक शीर्षकात आणि एक मजकुरात.