माइकपासून मंत्रालयापर्यंत : इंडोनेशियाचे रादेन मलादी

हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम यांचे नाव आपल्या समाजात आता नव्याने घेतले जाऊ लागले आहे. २०२४ साली त्यांच्यावर चित्रपट आला आणि विसरलेली एक संध्याकाळ पुन्हा आठवली. ४ सप्टेंबर १९६२. जकार्ताच्या सेनायन मैदानावर आपल्या फुटबॉल संघाने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून आशियाई सुवर्णपदक मिळवले. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांनी गोल केले. संघात गोव्यात जन्मलेला, मुंबईत टाटांकडून खेळणारा फॉर्च्युनॅटो फ्रँको होता. प्रशिक्षक रहीमसाहेबांना कॅन्सरने ग्रासले होते. पुढच्याच जूनमध्ये ते गेले. त्या दिवशी मैदानावरचे लाखभर प्रेक्षक मात्र भारताच्या विरोधात ओरडत होते. आपल्या बाजूने ओरडला तो पाकिस्तानचा हॉकी संघ, असे आपले खेळाडू पुढे सांगत असत. आदल्याच दिवशी त्या संघाने हॉकीत आपल्याला हरवले होते.

ही गोष्ट आम्ही नेहमी आपल्या बाजूने ऐकतो. यजमानांकडे एक क्रीडामंत्री होते, त्यांची गोष्ट आपल्याकडे कुणी सांगत नाही. त्यांचे नाव रादेन मलादी. हा गृहस्थ राजकारणातून खेळाकडे आला नव्हता. तो रेडिओवरून आला होता.

मलादी यांचा जन्म १९१२ सालचा, मध्य जावातल्या सोलो शहरातला. तरुणपणी ते फुटबॉलमध्ये गोलरक्षक होते, आणि गाणी रचत. पौर्णिमेच्या चांदण्यावरचे त्यांचे क्रोंचोंग गीत तिकडे घरोघरी गायले गेले. क्रोंचोंग म्हणजे पोर्तुगीज वाद्यांच्या वळणाने जावात रुजलेले भावगीतच म्हणा ना! सोलोला रेडिओची परंपरा होती. १९३३ साली तिथे देशी लोकांनी स्वतःचे नभोवाणी मंडळ काढले होते. डच सरकारच्या छायेत जावानीज संगीत ऐकवणारे ते केंद्र होते.

मग जपानी आले, आणि १९४५ च्या ऑगस्टमध्ये जपानही हरले. १७ ऑगस्टला सुकार्नो व हत्ता यांनी स्वातंत्र्य जाहीर केले, पण ते जगाला कळवायचे कसे? जकार्ता केंद्रावरच्या युसुफ रोनोदिपुरो या निवेदकाने त्याच संध्याकाळी जाहीरनामा चोरून वाचला आणि त्यापायी जपानी पोलिसांचा मार खाल्ला. ११ सप्टेंबरला निरनिराळ्या शहरांतले नभोवाणीचे लोक जकार्तात एका घरी जमले. सोलोच्या वतीने मलादी आले होते. त्या बैठकीतून ‘रेडिओ रिपब्लिक इंडोनेशिया’ जन्माला आला. सरकार अजून नीट उभे नव्हते, फौज नव्हती, पण आवाज होता.

पहिले प्रमुख डॉक्टर अब्दुलरहमान सालेह हवाई दलात गेले तेव्हा १९४६ साली ती जबाबदारी मलादींवर आली. सालेह २९ जुलै १९४७ रोजी शहीद झाले. सिंगापूरहून औषधे घेऊन येणारे विमान डचांनी योग्याकार्ताजवळ पाडले. ते विमान ओरिसाच्या बिजू पटनाईकांचे होते, हे आपल्या वाचकांना माहीत असावे म्हणून मुद्दाम लिहितो. भारत आणि इंडोनेशियाचे नाते त्या काळी असे होते. १९४९ च्या जानेवारीत नेहरूंनी इंडोनेशियासाठी दिल्लीत परिषदही भरवली. १९६२ ची कटुता समजून घ्यायची तर ही माया आधी ध्यानात घ्यावी लागते.

स्वातंत्र्यानंतर मलादींनी दोन्ही आघाड्या सांभाळल्या. रेडिओवर १९५१ पासून गायकांची स्पर्धा सुरू झाली आणि देशाला नवे आवाज मिळाले. शिवाय १९५० ते १९५९ ते फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष होते. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये लेव याशिनच्या सोव्हिएत संघाला इंडोनेशियाने ०-० वर रोखले. फेरसामन्यात ४-० ने हरले, पण नाव झाले. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत समोर इस्रायल आला तेव्हा इंडोनेशियाने तटस्थ मैदान मागितले. ते नाकारले गेले आणि संघाने माघार घेतली. पुढच्या वादळाची ही नांदी होती.

जुलै १९५९ मध्ये सुकार्नोंनी त्यांना माहितीमंत्री केले. इथून आमचे मन दुभंगते.

त्याच वर्षी सरकारी रेडिओवरून पाश्चात्त्य रॉक संगीत हद्दपार झाले. आपल्याकडे पुण्याच्या बाळकृष्ण केसकरांनी माहितीमंत्री असताना आकाशवाणीवरून फिल्मी गाणी हटवली होती, आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले होते. केसकरांची हौस निदान गाण्यांपुरती होती. जकार्तात मात्र ‘मार्गदर्शित लोकशाही’च्या नावाखाली वृत्तपत्रांचेही गळे आवळले गेले. मौलाना हमका यांच्या ‘पंजी मश्याराकात’ने हत्तांचा लोकशाहीवरचा लेख छापला म्हणून १९६० साली ते मासिक बंद झाले. मश्युमी या मुस्लिम पक्षावर त्याच वर्षी बंदी आली. १९६१ च्या सुरुवातीला ‘पेदोमान’ गेले. हे हुकूम पुष्कळदा लष्करी अधिकाऱ्यांचे असत, सगळेच मलादींच्या माथी मारणे न्यायाचे नाही. पण मार खाऊन स्वातंत्र्य पुकारणाऱ्या रेडिओचा माणूस त्या मंत्रालयात बसला होता, आणि त्याच्या डोळ्यांदेखत हत्तांचा आवाज बंद झाला. हत्ता म्हणजे त्या १७ ऑगस्टच्या जाहीरनाम्यावरची दुसरी सही.

त्याच मंत्रालयाने जुलै १९६१ मध्ये दूरदर्शनची तयारी करणारी समिती नेमली, हेही त्यांच्या खात्यावर लिहिले पाहिजे. १७ ऑगस्ट १९६२ ला चाचणी झाली आणि २४ ऑगस्टला आशियाई स्पर्धेचे उद्घाटन जकार्ताच्या लोकांनी पडद्यावर पाहिले. मुंबईला त्यासाठी १९७२ उजाडावे लागले.

तोवर, मार्च १९६२ पासून, मलादी क्रीडामंत्री झाले होते. इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना प्रवेश मिळाला नाही. या स्पर्धेला मग आशियाई म्हणू नये, असा आग्रह आपल्या गुरुदत्त सोंधींनी धरला. नियमाने सोंधी बरोबर होते. पण ज्या लोकांनी नुकतेच आपले राष्ट्र उभे केले होते त्यांना तो अपमान वाटला. ३ सप्टेंबरला जमाव भारतीय वकिलातीवर चालून गेला, सोंधींना देश सोडावा लागला, आणि दुसऱ्या दिवशी तो राग रहीमसाहेबांच्या पोरांनी झेलला. त्यांचा त्यात काय कसूर होता?

१९६३ च्या फेब्रुवारीत ऑलिम्पिक समितीने इंडोनेशियाला निलंबित केले. उत्तरादाखल नोव्हेंबरात जकार्तात ‘गानेफो’ भरले, म्हणजे नव्या उदयोन्मुख राष्ट्रांचे खेळ. सुमारे पन्नास देशांचे खेळाडू आले. पण त्यात भाग घेतलेल्यांवर बंदी आली आणि १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमधून इंडोनेशियाला परतावे लागले. किंमत मोजली ती खेळाडूंनी.

१९६५ च्या रक्तपातानंतर सुकार्नो घसरले आणि १९६६ मध्ये मलादींचे मंत्रिपदही संपले. त्यानंतर ते पस्तीस वर्षे जगले. एप्रिल २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. सोलोच्या ज्या श्रीवेदारी मैदानावर १९४८ साली पहिला राष्ट्रीय क्रीडामहोत्सव झाला होता, त्याला २००३ मध्ये त्यांचे नाव दिले गेले. २०११ मध्ये ते काढून जुने नाव परत आणले. तेव्हा सोलोचे महापौर होते जोको विडोडो, जे पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. चांदण्यावरचे ते गीत मात्र क्रोंचोंगच्या मैफलींत अजून गातात.