कायद्याची शाळा कोणाच्या हाती?

धारूरच्या व्याख्यानमालेत कामगार चळवळीतल्या माणसाने अमेरिकेतील ख्रिस्ती लॉ कॉलेजांवर बोलावे, हे काही श्रोत्यांस विचित्र वाटेल. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. कायदा शिकलो तो कोर्टाच्या बाकावर तारखांची वाट पाहत. पण ज्याला रोज वकिलाचे दार ठोठवावे लागते, त्याने वकील कोठे घडतो हे विचारायला हरकत नसावी.

ओरल रॉबर्ट्स या धर्मोपदेशकाने १९७९ मध्ये तुल्सा येथे लॉ कॉलेज काढले. तेथे श्रद्धेची प्रतिज्ञा करावी लागे, म्हणून वकिलांची संघटना मान्यता देईना. प्रकरण कोर्टात गेले आणि १९८१ मध्ये तात्पुरती मान्यता मिळाली. १९८६ मध्ये त्याचे ग्रंथालय पॅट रॉबर्टसन यांच्या व्हर्जिनियातील विद्यापीठाकडे गेले. पुढे पिझ्झाच्या धंद्यात श्रीमंत झालेल्या टॉम मोनाहन यांच्या पैशावर कॅथलिकांचे आव्हे मारिया कॉलेज २००० मध्ये सुरू झाले, आणि २००४ मध्ये जेरी फॉलवेल यांच्या लिबर्टी विद्यापीठाचे. १९७३ मध्ये गर्भपाताच्या प्रश्नावर सुप्रीम कोर्टात हरलेल्या या लोकांनी मोर्चे तर काढलेच. शिवाय कोर्टात शिरणारी माणसे तयार करायला घेतली. २०२२ मध्ये तो निकाल फिरला. तो या कॉलेजांनी फिरवला म्हणणे मात्र खोटे होईल. फिरवणाऱ्या पाच न्यायमूर्तींपैकी चौघे हार्वर्ड-येलचे होते.

आपल्याकडे हा प्रकार नवा आहे काय? पेशवाई बुडाल्यावर तीनच वर्षांनी, १८२१ मध्ये, कमिशनर चॅप्लिन याने पुण्यास विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. पैसा पेशव्यांच्या दक्षिणेचा, विद्यार्थी ब्राह्मण, आणि विषयांत धर्मशास्त्र. कंपनीच्या अदालतींत हिंदूंसाठी शास्त्री व मुसलमानांसाठी काझी बसत, आणि न्यायाधीश त्यांचे मत घेई. म्हणजे धर्माची शाळा आणि कोर्टाची खुर्ची यांची सोयरीक साहेबानेच लावली! तरीही मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या नियमांत एक शहाणपण होते. सरकारी कायदा नसेल तेथे आधी देशरिवाज पाहावा, आणि तो नसेल तर प्रतिवादीचा धर्मकायदा, असा तो क्रम होता. कुणबी, सुतार, कोष्टी यांच्या चालीरीतींना त्यामुळे थोडी तरी जागा राहिली. १८६४ मध्ये शास्त्री व काझी कोर्टातून गेले.

शास्त्री गेले, पण धर्म गेला नाही. आणि गंमत अशी की, तो कधी कधी परक्या घरचा निघाला. रखमाबाई सुतार समाजातल्या. लहानपणी लावलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला त्यांनी नकार दिला, आणि १८८४ मध्ये नवऱ्याने दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला. असा दावा हिंदू कायद्यात मुळी नाही, तो इंग्लंडातून आलेला आहे, असे त्यांचे म्हणणे. इंग्लंडात हे दावे पूर्वी चर्चच्या कोर्टात चालत! अपिलानंतर १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी उलटा हुकूम दिला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. यासाठी तुरुंगवास देणे इंग्लंडाने १८८४ मध्येच बंद केले होते. १८८८ मध्ये तडजोड झाली आणि बाई पुढे डॉक्टर झाल्या. पुण्यामुंबईच्या सनातन्यांनी मात्र चर्चच्या पोटातून आलेला हा दावा स्वधर्म म्हणून उचलून धरला. धर्माच्या नावाने कोर्टात काय काय खपते, याचा इतका नामी नमुना आम्हांला दुसरा सापडलेला नाही.

याची दुसरी बाजू बाबासाहेबांनी ओळखली होती. १९३५ मध्ये ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले; त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५६ मध्ये सिद्धार्थ लॉ कॉलेज काढले. नोकरी करून शिकणाऱ्यांना वकिलीचे दार त्यामुळे किलकिले झाले. कामगार संघटनांनी या कामी काय केले? सभा घेतल्या, संप केले, वर्गणी जमवली. वकील मात्र भाड्याने आणले.

आपल्या तालुक्यातून दर साली कोयत्याच्या जोड्या उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. उचल फिटली की नाही यावर मुकादमाशी तंटा होतो तेव्हा कागद पुढे येतो, आणि खाली अंगठा असलेला तो कागद वाचून दाखवायला आपल्याकडचा एक माणूस शोधता शोधता दुसरा हंगाम उजाडतो.