गोदावरी नदीमुखखाडी : पोषकद्रव्यांचे चक्र

गोदावरीचे गोडे पाणी आणि बंगालच्या उपसागराचे खारे पाणी आंध्र प्रदेशात जेथे मिसळते, त्या पट्ट्यात पाणी, गाळ व सजीव यांच्यामध्ये चालणारी नायट्रोजन, फॉस्फरस व सिलिका यांची देवघेव. गोदावरीचे पाणलोट क्षेत्र सुमारे ३.१२ लाख चौ. किमी. आहे. बीड जिल्ह्यातील नांदूरघाट (ता. केज) समुद्रापासून दूर असले, तरी तेही याच पाणलोटात मोडते.

स्रोत व मार्ग : बालाघाट डोंगररांगेत उगम पावणारी मांजरा (७२४ किमी.) धनेगावचे मांजरा धरण व पुढे निजामसागर ओलांडून तेलंगणातील कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. पाणलोटातील शेतांत घातलेल्या युरियातील नायट्रोजनाचे नायट्रेट होऊन ते पाण्यात विरघळते. फॉस्फेट मुख्यतः मातीच्या कणांना चिकटून वाहते, तर सिलिका बेसाल्ट खडकाच्या झिजेतून येते. धरणांत गाळ खाली बसतो आणि त्याबरोबर फॉस्फरस व सिलिकेचा काही भाग अडतो. नायट्रेट त्यामानाने सहज पुढे जाते. त्यामुळे मुखाशी पोहोचणाऱ्या द्रव्यांचे परस्पर प्रमाण बदलते. डायॲटम या कवचधारी शैवालांना नायट्रोजनाइतकीच सिलिका लागते. ती कमी पडली, तर त्यांची जागा इतर शैवाले घेतात आणि माशांपर्यंतची अन्नसाखळी बदलते.

ऋतुचक्र : नदीचा बहुतेक विसर्ग पावसाळ्यात होतो. पुराच्या दिवसांत पोषकद्रव्ये मुबलक असतात. मात्र पाणी गढूळ असल्याने शैवालांना प्रकाश मिळत नाही आणि बरीच द्रव्ये थेट समुद्रात जातात. पूर ओसरून पाणी निवळल्यावर शैवालांची वाढ जोर धरते. उन्हाळ्यात गोदावरीवरील धवळेश्वरम् बंधाऱ्याखाली प्रवाह अगदी क्षीण होतो व खारे पाणी आत शिरते. तेव्हा गाळातील सूक्ष्मजीवांचे काम महत्त्वाचे ठरते. प्राणवायू नसलेल्या चिखलात ते नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात, तर लोहाला बांधलेले फॉस्फेट सुटून पुन्हा पाण्यात येते. मुखाजवळील कोरिंगा येथील कांदळवने गाळ व सेंद्रिय द्रव्य धरून ठेवतात.

हवामानबदलाचे परिणाम : पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखालील अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. कोरड्या वर्षी पिकाने न उचललेले नायट्रोजन जमिनीत साचते आणि पुढच्या मुसळधार पावसात एकदम वाहून जाते. २०१६ मध्ये मांजरा धरण आटून लातूरला रेल्वेने पाणी पुरवावे लागले. अशा वर्षी मांजरेतून मुखाकडे जाणारी भर जवळपास थांबते. पाणी २० अंश सेल्सिअसवरून ३० अंशांवर गेले, की गोड्या पाण्यात विरघळू शकणारा प्राणवायू लिटरमागे सुमारे ९.१ मिग्रॅ.वरून ७.६ मिग्रॅ.वर येतो. प्राणवायू घटला, की गाळातून अधिक फॉस्फेट सुटते आणि नायट्रस ऑक्साइडची निर्मितीही वाढू शकते. या वायूची तापनक्षमता शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट आहे. जागतिक समुद्रपातळी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे २० सेंमी. वाढली. त्रिभुज प्रदेशाला मिळणारा गाळ धरणांमुळे घटल्याने तेथे खाऱ्या पाण्याच्या शिरकावाचा धोका अधिक आहे.

उपाय : खत एकदम न देता पिकाच्या वाढीनुसार हप्त्यांनी देणे, बांधबंदिस्तीने माती अडवणे, उन्हाळ्यात बंधाऱ्यातून किमान प्रवाह सोडणे आणि कांदळवने राखणे. यांतील पहिल्या दोन उपायांची जागा खाडीत नसून मराठवाड्यासारख्या वरच्या पाणलोटातील शेतांत आहे.